पेन्शनचा पैसा नेमका असतो कुठे? ग्वाल्हेरच्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आपली चार रिटायर मराठी माणसं एकत्र बसली की दहा मिनिटांत विषय पेन्शनवर येतोच. कुणी रेल्वेतला, कुणी पीडब्ल्यूडीतला, कुणी एजी ऑफिसातला, म्हणजे महालेखाकार कार्यालयातला, आणि प्रत्येकाची पक्की समजूत अशी की आपल्या नावाची एक पेटी सरकारने कुठेतरी जपून ठेवलीय, दर महिन्याला तीच उघडून आपल्याला पैसे देतात. काहींच्या बाबतीत हे खरं आहे, काहींच्या बाबतीत अर्धं खरं, आणि काहींच्या बाबतीत अशी पेटीच नाही. त्यामुळे मी प्रत्येकाला आधी तीनच गोष्टी विचारतो: पैसा कुणाच्या नावाने आहे, खरंच कुठे गुंतवलाय की नुसती वहीतली नोंद आहे, आणि कमी पडला तर भरणार कोण. खालची सगळी उत्तरं याच तीन गोष्टींभोवती फिरतात. मी हिशेबाच्या लाइनीतला माणूस आहे, भाषा थोडी कोरडी वाटली तर चालवून घ्या.

मी २००५ च्या आधीचा, जुन्या पेन्शनवाला. सरकारने माझ्यासाठी नोकरीभर काही बाजूला ठेवलं असेल ना?

नाही काका, एक रुपयासुद्धा नाही. जुन्या पेन्शनसाठी तुमच्या पगारातून कधी काही कापलं गेलं नाही आणि सरकारनेही तुमच्या नावाने काही टाकलं नाही. तुमची पेन्शन राज्याच्या संचित निधीतून, म्हणजे टॅक्स वगैरे जमा होऊन खर्च होतो त्या मुख्य खात्यातून, दर वर्षीच्या बजेटमधून जाते. बजेटच्या पुस्तकात २०७१ नंबरचं खर्चाचं शीर्ष काढून बघा, 'पेन्शन आणि इतर निवृत्ती लाभ' म्हणून लिहिलेलं असतं, त्यातच तुम्ही आहात आणि मीही आहे. आज नोकरीत असलेल्या आणि धंदा करणाऱ्या लोकांचा टॅक्स येतो त्यातून आपल्याला मिळतं, साधा हिशेब.

हे ऐकून लोक घाबरतात, पण घाबरायचं कारण नाही. इथे राखीव निधी नाही कारण मागे राज्य स्वतः उभं आहे. शिवाय सुप्रीम कोर्टाने १७ डिसेंबर १९८२ ला नकारा केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की पेन्शन ही मालकाच्या मर्जीने मिळणारी बक्षिसी नाही, तो हक्क आहे. आपण १७ डिसेंबरला पेन्शनर दिवस करतो तो त्याचमुळे. पण हक्क असणं वेगळं आणि पैसा बाजूला ठेवलेला असणं वेगळं, हे दोन्ही एकत्र कालवू नका, निम्मे वाद तिथूनच सुरू होतात.

बरं, पण जीपीएफ, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधी, तर माझ्याच पगारातून कापलेला. तो तरी कुठे ठेवलाय?

तो तुमचाच आहे, तुमच्या नावाने खातंही आहे, नंबरही आहे, पण कुठल्या बँकेत किंवा शेअरमध्ये ठेवलेला नाही. घटनेच्या कलम २६६ मध्ये दोन भाग आहेत, एक संचित निधी आणि दुसरा लोक लेखा. जे पैसे सरकारचे स्वतःचे नाहीत, सरकारने फक्त सांभाळायला घेतलेत, ते लोक लेख्यात जातात आणि जीपीएफ तिथे ८००९ या शीर्षाखाली दिसतो. म्हणजे सरकार तुमचं देणेकरी आहे. तो पैसा सरकार रोजच्या कामात वापरतं, रस्ता बांधेल नाहीतर पगार देईल, आणि वर्षाच्या शेवटी तुमच्या खात्यात व्याज चढवतं. हे व्याज कुठल्या गुंतवणुकीतून कमावलेलं नसतं, ते बजेटच्या २०४९ या व्याजाच्या शीर्षातून खर्च दाखवून तुमच्या खात्यात जमा दाखवतात. सगळा वहीखात्याचा खेळ, पण कायद्याने बांधलेला.

व्याजदर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवरच अडकलाय. एके काळी १२ टक्के मिळायचे त्याची आठवण काढून उसासे टाकणारे आपल्यात बरेच आहेत, मीही त्यातलाच.

मग जीपीएफ बुडू शकतो का हो?

सरकार बुडाल्याशिवाय नाही. पुढचा प्रश्न.

एजी ऑफिस आपल्या ग्वाल्हेरलाच का? आणि सगळं काम तिथेच होतं का?

१९५६ ला नवा मध्यप्रदेश झाला तेव्हा राजधानी भोपाळला गेली, हायकोर्ट जबलपूरला, आणि ग्वाल्हेरच्या वाट्याला महालेखाकार, राजस्व मंडळ, आबकारी आणि परिवहन आयुक्त अशी ऑफिसं आली. त्यामुळे राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या जीपीएफचा हिशेब इथे झांसी रोडवर ठेवला जातो आणि झाबुआचा मास्तरसुद्धा इथे पत्र पाठवतो. पण राज्यवाल्यांच्या पेन्शनचं, म्हणजे पीपीओचं (पेन्शन देण्याच्या आदेशाचं) काम पेन्शन कार्यालयाकडे असतं, एजीकडे नाही. पीपीओतली चूक घेऊन एजीच्या खिडकीवर भांडणारे लोक मी पाहिलेत, त्या बिचाऱ्या बाबूचा काही दोष नसतो.

जीपीएफच्या वार्षिक पर्चीत मी नक्की काय बघू? मला तर फक्त शेवटचा आकडा कळतो.

सगळे शेवटचाच आकडा बघतात आणि तिथेच फसतात. ओपनिंग बॅलन्स गेल्या वर्षीच्या क्लोजिंगशी जुळतो का ते बघा, ही पहिली गोष्ट. मग बारा महिन्यांची बारा जमा आहेत का ते मोजा. एखादा महिना रिकामा असेल तर त्याला मिसिंग क्रेडिट म्हणतात, म्हणजे पगारातून कापलं पण तुमच्या खात्यात चढलं नाही. बहुतेक वेळा कारण फालतू असतं, ट्रेझरीकडून आलेल्या शेड्यूलमध्ये खाते नंबरचा एक आकडा चुकला, किंवा सिरीजची अक्षरं चुकली, किंवा तुमची बदली झाली आणि नव्या डीडीओने (पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याने) नंबरच लिहिला नाही. पैसा हरवलेला नसतो, कुठल्यातरी उचंत खात्यात (ज्या रकमेचा मालक ठरलेला नाही तिच्या तात्पुरत्या खात्यात) पडलेला असतो, पण तो आपोआप तुमच्याकडे येत नाही, तुम्हाला त्या महिन्याचा वेतन पत्रकाचा उतारा, व्हाउचर नंबर आणि तारीख घेऊन मागे लागावं लागतं. दोन वर्षांपूर्वीचं व्हाउचर सापडतं, वीस वर्षांपूर्वीचं शोधायचं तर ट्रेझरीवाला तुमच्याकडे असा बघतो की जणू तुम्ही त्याच्याकडे किडनी मागितलीय.

आता याच्या उलटं प्रकरण, ते जास्त वाईट. तुम्ही मुलीच्या लग्नाला पार्ट फायनल, म्हणजे परत न भरायची उचल, काढलं, पैसे मिळाले, पण ते काढल्याची नोंद तुमच्या खात्यात चढलीच नाही. पर्चीत बॅलन्स फुगलेला दिसतो, तुम्हाला वाटतं छान, वर्षानुवर्षं त्या फुगलेल्या रकमेवर व्याजही चढत जातं. मग रिटायरमेंटच्या वेळी फायनल पेमेंटची केस लागली की सगळे जुने व्हाउचर जुळवतात आणि निघतं की बॅलन्स प्रत्यक्षात ऋण आहे, म्हणजे तुम्हीच सरकारला देणं लागता, मूळ रक्कम आणि वर व्याज. आयुष्यात कधी कुणाचे पाच रुपये ठेवले नाहीत अशा माणसांवर ही वेळ आलेली पाहिलीय. म्हणून पैसे काढले असतील त्या वर्षीची पर्ची दुप्पट लक्ष देऊन वाचा, जमा कमी दिसली तर जसे आपण ओरडतो तसंच खर्च कमी दिसला तरी ओरडा.

जीपीएफला एफडीपेक्षा जास्त व्याज आहे, तर सगळा पगार त्यात टाकू का?

टाकायचे लोक, खरंच टाकायचे. म्हणूनच केंद्राने जून २०२२ मध्ये वर्षाला पाच लाखांची मर्यादा घातली. आणि एप्रिल २०२१ पासून वर्षाला पाच लाखांच्या वर भरलेल्या रकमेच्या व्याजावर टॅक्सही लागतो. आपल्यासारख्यांना तसाही हा प्रश्न पडत नाही.

माझा मुलगा एनपीएसवाला. त्याच्याही पैशाची अशीच वहीतली नोंद का?

नाही, इथे गोष्ट पूर्ण बदलते. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आणि मध्यप्रदेशात १ जानेवारी २००५ पासून लागलेल्या लोकांना एनपीएस, म्हणजे नॅशनल पेन्शन सिस्टीम. यात पैसा खरोखर सरकारच्या हातातून बाहेर जातो. पगारातून बेसिक अधिक डीएच्या १० टक्के कापतात, केंद्र सरकार आपल्याकडून १४ टक्के टाकतं (एप्रिल २०१९ च्या आधी तेही १० होते), मग डीडीओ, ट्रेझरी किंवा केंद्राचं वेतन व लेखा कार्यालय (पीएओ), तिथून रेकॉर्ड ठेवणाऱ्या एजन्सीकडे फाइल आणि ट्रस्टी बँकेत पैसा, तिथून फंड मॅनेजरकडे, आणि त्या दिवसाच्या एनएव्हीने, म्हणजे युनिटच्या भावाने, तुमच्या प्रानवर (एनपीएस खात्याच्या नंबरवर) युनिट येतात. सरकारी लोकांनी स्वतः काही निवडलं नसेल तर पैसा एसबीआय, एलआयसी आणि यूटीआय या तिघांच्या पेन्शन फंडात वाटून जातो. मालकी एनपीएस ट्रस्टकडे, तुमच्या वतीने. सरकारला उद्या अडचण आली तरी त्याला हात लावता येत नाही.

पण इथे तिसरा प्रश्न विचारा, कमी पडलं तर कोण भरणार? कुणी नाही. राखीव खातंच नाही. बाजार वर गेला तर तुमचं नशीब, खाली गेला तर तेही तुमचंच. रिटायर झाल्यावर ६० टक्क्यांपर्यंत एकरकमी काढता येतात आणि किमान ४० टक्क्यांची अ‍ॅन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून दरमहा मिळणारी पेन्शन, घ्यावी लागते, तिचा दर त्या दिवशी जो असेल तो. जुन्या पेन्शनमध्ये वचन होतं पण पैसा बाजूला नव्हता, एनपीएसमध्ये पैसा बाजूला आहे पण वचन नाही. गेली वीस वर्षं जी आंदोलनं झाली ती या एवढ्याशा गोष्टीवरून.

पगारपत्रकात कपात दिसते पण प्रानमध्ये युनिट दिसत नाहीत, असं का?

कारण मध्ये ट्रेझरी आहे. कपात झाली म्हणजे गुंतवणूक झाली असं नाही. राज्यांच्या हिशेबात कापलेली रक्कम आणि सरकारचा हिस्सा आधी लोक लेख्यात ८३४२ शीर्षाखाली ११७ या उपशीर्षात येऊन थांबते आणि तिथून पुढे पाठवायची असते. ती तिथेच रेंगाळली तर राज्याला फुकट उधार मिळालं आणि तुमचे युनिट त्या काळात घेतलेच गेले नाहीत. कॅगच्या वेगवेगळ्या राज्यांच्या रिपोर्टांमध्ये हा शेरा पुन्हा पुन्हा येतो, की कापलेलं आणि पाठवलेलं जुळत नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांमध्ये उशीर झाला तर व्याज द्यायची तरतूद आहे. पण ते मागायला आधी उशीर झालाय हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून मुलाला सांगा की दर तीन महिन्यांनी प्रानचं स्टेटमेंट आणि पगारपत्रकं समोरासमोर ठेवून बघ. मोबाइलवर रोज शेअर बघतो, हे नाही बघत.

यूपीएसमध्ये दोन खाती आहेत म्हणतात. एक माझं आणि दुसरं कुणाचं?

हा सध्याचा सगळ्यात गरम प्रश्न, म्हणून जरा सविस्तर. युनिफाइड पेन्शन स्कीम २४ ऑगस्ट २०२४ ला कॅबिनेटने मंजूर केली, १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली, फक्त केंद्राच्या एनपीएसवाल्यांसाठी, म्हणजे इथले रेल्वेवाले, पोस्टवाले, एजी ऑफिसातले नव्या भरतीचे लोक. राज्याने स्वीकारायची की नाही ते राज्य ठरवतं. ऑप्शन द्यायची मुदत आधी ३० जून होती, मग ३० सप्टेंबर, मग ३० नोव्हेंबर २०२५ झाली.

यात पहिलं खातं इंडिव्हिज्युअल कॉर्पस, म्हणजे तुमचा स्वतःचा जमा निधी. तुमचे १० टक्के, सरकारचे तेवढेच १० टक्के, प्रानवर तुमच्या नावाने, रोजची किंमत तुम्हाला दिसते. दुसरं पूल कॉर्पस, म्हणजे सामायिक निधी. यात सरकार सगळ्या ऑप्शनवाल्यांच्या एकूण बेसिक अधिक डीएच्या अंदाजे साडेआठ टक्के टाकतं, हे कुणा एकाच्या नावाने नाही, सगळ्यांचं मिळून एक, आणि ते कुठे गुंतवायचं हे फक्त केंद्र सरकार ठरवतं. हेच खरं राखीव खातं. तुमच्या खात्यातून वचनाएवढी पेन्शन निघणार नसेल तर फरक इथून यायचा. रिटायर होताना तुमचं पहिलं खातंही या पूलमध्ये जमा होतं, आणि तिथून तुम्हाला महिन्याचं पेआउट सुरू होतं. म्हणून काही जण चिडून म्हणतात की आमचा सगळा पैसा सरकारनेच घेतला की. हो, घेतला, त्या बदल्यात शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या निम्मं आणि वर महागाई सवलत आयुष्यभर द्यायचं कबूल केलं, तुमच्या मागे बायकोला किंवा नवऱ्याला त्याच्या ६० टक्के. हा सौदा कुणाला पटेल, कुणाला नाही. ज्याचं वय जास्त, नोकरी पूर्ण पंचवीस वर्षांची, बायको वयाने बरीच लहान, त्याला मी तरी यूपीएसच सांगेन. ज्याला मध्येच राजीनामा टाकून बेंगलोरला जायचंय त्याने लांब राहावं, कारण राजीनामा दिला तर हे पेआउटच नाही.

बेंचमार्क कॉर्पस म्हणजे काय? फॉर्मवर वाचलं पण डोक्यावरून गेलं.

डोक्यावरून जातं कारण नाव तसं ठेवलंय. समजा तुम्ही नोकरीभर एकही हप्ता चुकवला नाही, एकदाही पैसे काढले नाहीत आणि सरकारने ठरवलेल्या डिफॉल्ट पद्धतीनेच पैसा गुंतवत राहिलात, तर तुमच्या खात्यात जेवढे जमले असते तो आकडा म्हणजे बेंचमार्क. आणि तुमच्या खात्यात खरोखर जेवढे आहेत ते इंडिव्हिज्युअल. रिटायरमेंटच्या दिवशी या दोघांची तुलना होते. पेन्शनचं गणित असं: सरासरी बेसिक भागिले २, गुणिले नोकरीचे महिने भागिले ३००, गुणिले तुमचा कॉर्पस भागिले बेंचमार्क.

आता आकडे घाला. सरासरी बेसिक ६०,०००, नोकरी पूर्ण २५ वर्षं म्हणजे ३०० महिने, आणि दोन्ही कॉर्पस सारखे, तर ३०,००० अधिक महागाई सवलत. नोकरी वीसच वर्षं, म्हणजे २४० महिने, तर २४,०००. आणि नोकरी पूर्ण पंचवीस पण मध्ये घर बांधायला, आजारपणाला पैसे काढले आणि तुमचा कॉर्पस बेंचमार्कच्या ८० टक्केच राहिला, तर पुन्हा २४,०००. पाच वर्षांची नोकरी गमावल्याएवढं नुकसान, आणि माणसाला कळत पण नाही कारण पैसे काढताना पेन्शन कमी होईल असं समोर कुणी बोर्ड लावलेला नसतो. कमी पडलेली रक्कम तुम्ही स्वतः भरून बरोबरी करू शकता, तशी सोय आहे, ती लक्षात ठेवा.

आणखी एक गोम आहे जी मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. पहिल्या खात्याची गुंतवणूक तुम्ही निवडू शकता. बरेच जण म्हणतात आपल्याला रिस्क नको, सगळं सरकारी रोख्यांत टाका. ठीक, पण बेंचमार्क मोजताना डिफॉल्ट पद्धत धरतात, ज्यात थोडे शेअरही असतात. तीस वर्षांत डिफॉल्टने तुमच्यापेक्षा जास्त कमावलं तर तुमचा कॉर्पस मागे पडला, आणि तेवढ्या प्रमाणात पेन्शन कापली गेली. म्हणजे जो पर्याय सुरक्षित वाटतो तोच इथे रिस्क आहे. उलट तुमची निवड डिफॉल्टपेक्षा पुढे गेली तर वरचा पैसा तुमचा, तुम्हाला परत मिळतो. पण ज्याला बाजाराकडे बघायचंच नाही त्याने मुकाट्याने डिफॉल्टवर राहावं, तुलना ज्याच्याशी होणार त्याच्याच बरोबर चाललेलं बरं.

दहा वर्षं किंवा जास्त नोकरी असेल तर किमान दहा हजार महिना आहे, पण तिथेही हाच भागाकार लागतो. आणि रिटायर होताना एकरकमी ६० टक्क्यांपर्यंत काढायची मुभा आहे, काढलं की पेआउट तेवढ्या प्रमाणात कमी. याशिवाय वेगळी एक रक्कम मिळते जिचा पेन्शनवर काही परिणाम होत नाही, दर पूर्ण सहा महिन्यांमागे शेवटच्या बेसिक अधिक डीएचा दहावा हिस्सा. बेसिक-डीए मिळून एक लाख असेल आणि नोकरी पंचवीस वर्षं, तर पन्नास सहामाह्या, पाच लाख.

यूपीएस घेतली आणि पस्तावलो तर?

एकदाच परत एनपीएसमध्ये जाता येतं, रिटायरमेंटच्या किमान एक वर्ष आधी. मग पुन्हा उलट उडी नाही.

राखीव पैसा पडून ठेवावा की गुंतवावा? बाजारात टाकला की भीती वाटते.

ग्वाल्हेरच्या माणसाने हे विचारावं म्हणजे कमाल आहे. किल्ल्यातली शिंद्यांची गंगाजळी सगळ्यांना माहीत आहे, संकटाच्या वेळेसाठी तळघरात भरून ठेवलेला खजिना. सांगतात की महाराज जयाजीराव १८८६ ला वारले तेव्हा तिचा ठावठिकाणा आणि बीजक, म्हणजे सांकेतिक खूण, त्यांच्या लहानग्या मुलापर्यंत, माधवरावांपर्यंत, पोचलंच नाही, नंतर पुष्कळ वर्षं शोधाशोध झाली. खजिना होता, उपयोग शून्य. आणि तेच माधवराव मोठे झाल्यावर बघा, टाटांच्या पोलाद कंपनीला सुरुवातीला खेळतं भांडवल कमी पडलं तेव्हा चार लाख पौंडांचे कर्जरोखे निघाले, ते सगळेच्या सगळे एकट्या ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतले.

पेन्शनचा राखीव निधी तीस-चाळीस वर्षांनी द्यायच्या पैशासाठी असतो. तेवढा काळ तो नुसता पडून राहिला तर महागाईच त्याला खाऊन टाकते. गुंतवायलाच लागतो, फक्त एखाद्या वर्षी बाजार पडला तर त्या वर्षीची पेन्शन द्यायला रोख हाताशी हवी, आणि चांगल्या वर्षाची कमाई वाईट वर्षासाठी अडवून ठेवायला हवी.

माझी सून कॅलिफोर्नियात काउंटीच्या नोकरीत आहे. तिच्या स्टेटमेंटमध्ये बरेच रिझर्व्ह दिसतात, ते काय?

तिकडे हा अडवून ठेवायचा प्रकार कायद्यातच लिहिलाय. कॅलिफोर्नियातल्या वीस काउंट्या (तिकडचे जिल्हे) १९३७ च्या एका कायद्याने पेन्शन चालवतात. पैसा एकाच फंडात गुंतवलेला असतो, पण वहीत त्याचे भाग केलेले असतात, कर्मचाऱ्यांनी भरलेला वेगळा, काउंटीने भरलेला वेगळा, रिटायर झालेल्यांसाठीचा वेगळा. ३० जून आणि ३१ डिसेंबर असं वर्षातून दोनदा त्यांवर व्याज चढतं. व्याज देऊन कमाई उरली तर ती फंडातच राहते, पुढच्या तोट्यासाठी आणि कमी कमाईच्या वर्षांसाठी. ती एकूण मालमत्तेच्या एक टक्क्याच्या वर गेली तरच वरच्या रकमेला हात लावून ती काउंटीच्या खात्याकडे वळवता येते. सुनेला सांगा की हे रिझर्व्ह म्हणजे बँकेतली वेगवेगळी खाती नाहीत, एकाच ढिगाचे वहीतले वाटे आहेत, त्यातला एखादा मोठा दिसला म्हणून फंड श्रीमंत झाला असं नसतं. खरा आकडा म्हणजे द्यायचं किती आणि आहे किती.

फंडाने जास्त कमावलं तर ते पेन्शनरांना वाटून का टाकत नाहीत?

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराने वाटलं होतं. तिथल्या शहराच्या पेन्शन फंडाने चांगल्या वर्षांत पेन्शनरांना बाराच्या वर तेरावा चेक दिला, अनेक वर्षं दिला. शिवाय कर्मचाऱ्यांची ऐच्छिक बचतीची खाती होती, त्यांवर बाजार काहीही करो, ट्रस्टी साडेसात-आठ टक्क्यांच्या आसपास व्याज चढवत राहिले, अगदी फंड तोट्यात गेला त्या वर्षीसुद्धा. आता हे व्याज आलं कुठून? मुख्य पेन्शनच्या राखीवातून. चांगल्या वर्षाचं ज्याला जास्तीचं म्हणत होते ते खरं तर पुढच्या वाईट वर्षाचं होतं. जुलै २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली. २०१४ च्या तोडग्यात साध्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शनला साडेचार टक्के कात्री लागली, महागाईवाढ बंद झाली, आणि त्या बचत खात्यांवर दिलेलं जादा व्याज लोकांकडून परत वसूल केलं. दिलेलं व्याज परत मागितलं, विचार करा. आपल्याकडे यूपीएसचा पूल कॉर्पस मोठा होत जाईल तेव्हा निवडणुकीच्या आधी कुणीतरी नक्की म्हणेल की एवढा पैसा पडलाय तर वाटा, त्या दिवशी हे आठवा.

पूल कॉर्पस कमी पडला तर?

साडेआठ टक्के हा अंदाजाचा आकडा आहे, लोक किती जगतील, पगार किती वाढतील, गुंतवणूक किती कमावेल यावर मांडलेला. अंदाज चुकला तर सरकारला हिस्सा वाढवावा लागेल, कारण वचन सरकारचं आहे. म्हणजे शेवटी तोच संचित निधी, तोच टॅक्स. फरक इतकाच की जुन्या पेन्शनमध्ये सगळा भार बजेटवर होता, इथे काही भार आधीच बाजूला काढलेला.

आमची महागाई सवलत केंद्रापेक्षा उशिरा येते आणि म्हणतात छत्तीसगडमुळे. हे खरं का?

हो, ऐकायला विचित्र पण खरं. १ नोव्हेंबर २००० ला राज्य फुटलं तेव्हा पेन्शनचं ओझंही दोघांत वाटलं गेलं, पुनर्गठन कायद्याचं कलम ४९ आणि सहावी अनुसूची. लोकसंख्येच्या प्रमाणात, साधारण तीन हिस्से आपले आणि एक त्यांचा. वाढीचा खर्च दोघांच्या डोक्यावर येतो म्हणून एकाने सवलत वाढवायची तर दुसऱ्याची सहमती मागायची पद्धत पडली. भोपाळची फाइल रायपूरला, रायपूरची भोपाळला, आणि आपण इथे कॅलेंडर बघत. संघटनांचं म्हणणं आहे की इतक्या वर्षांनी ही सहमतीची भानगड बंद करा, आणि मला ते बरोबर वाटतं. पण त्यामागचं कारण तेच पहिल्या प्रश्नातलं, राखीव निधी नाही, दर वाढीचा पैसा त्या वर्षीच्या बजेटमधूनच काढायचा.

रेल्वे आणि वीज मंडळवाल्यांचं काय?

रेल्वेचा आपला वेगळा पेन्शन फंड आहे, दर वर्षी कमाईतून त्यात रक्कम टाकतात आणि त्यातून पेन्शन देतात. त्यामुळे रेल्वेच्या बजेटमध्ये पेन्शन फंडाला किती दिले हा आकडा वेगळा छापून येतो, तो बघायला मजा येते. वीजवाल्यांचं जरा अडचणीचं. मंडळाच्या कंपन्या झाल्या, टर्मिनल बेनिफिट (निवृत्तीच्या देण्यांसाठीच्या) ट्रस्टची व्यवस्था झाली, नियामक आयोगाचे २०१२ चे नियम आहेत, पण पेन्शनचा मोठा भाग विजेच्या दरातूनच वसूल होतो. म्हणजे आपण लाइटबिल भरतो त्यातून शेजारच्या काकांची पेन्शन जाते. त्यांची मागणी आहे की सरकारने हमी घ्यावी आणि ट्रेझरीतून द्यावं.

राज्याने जुनी पेन्शन परत आणली तर मुलाच्या एनपीएसमधले पैसे राज्याला परत मिळतील का?

राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल यांनी जुन्या पेन्शनची घोषणा केली तेव्हा हाच अडथळा आला. केंद्राने सांगितलं की २०१३ च्या पीएफआरडीए (पेन्शन नियामक) कायद्यात जमा झालेला पैसा राज्याला परत द्यायची तरतूद नाही. तो कर्मचाऱ्याच्या नावावरचा पैसा आहे, राज्याचा नाही. म्हणजे वर मी म्हटलं ते, की सरकारला हात लावता येत नाही, हे दोन्ही बाजूंनी लागू पडतं.

नॉमिनी लग्नाआधी आईला केलं होतं, आता बदलायला हवं का?

हवं, आणि जीपीएफमध्ये वेगळं, एनपीएसमध्ये वेगळं, ग्रॅच्युइटीसाठी वेगळं, एकीकडे बदललं म्हणजे सगळीकडे बदललं असं होत नाही. ऑफिसकडून पावती किंवा सर्व्हिस बुकातल्या नोंदीची फोटोकॉपी घ्या आणि ती घरात कुठे ठेवलीय हे बायकोला सांगा. पर्च्या, पीपीओ, प्रान कार्ड, पार्ट फायनलची सँक्शन ऑर्डर, सगळं एकाच फाइलीत. फाइल कपाटात, कपाटाची किल्ली मात्र फक्त तुमच्याच खिशात नको.